गच्चीपर्यंत ओसरी

आमच्या घरात सध्या माणसं दोन आणि रूटर तीन आहेत. इंटरनेट कंपनीचा पांढरा डबा यात धरलेला नाही. तो दारात उभा राहून बाहेरचं सामान आत देतो, एवढंच त्याचं काम. तिन्ही रूटर चिरंजीवांच्या पुण्यातल्या घरून आलेले. त्यांनी नवा घेतला की जुना इंदूरला येतो. पूर्वी मुलांना थोरल्या भावाचे कपडे मिळत, आता आईवडिलांना मुलांचे रूटर मिळतात. एक दिवाणखान्यात टीव्हीखाली, एक पहिल्या मजल्यावर आणि एक गच्चीवरच्या खोलीबाहेर टांगलेला. तीन लागतात, कारण घर बांधताना ठेकेदाराने सळई आणि सिमेंटमध्ये अजिबात कसूर केली नाही. दिवाणखान्यातलं वायफाय जिन्याच्या सातव्या पायरीवर दम सोडतं.

गच्चीवरच्या खोलीत दोन मुली भाड्याने राहतात, एक खरगोनची आणि एक खंडव्याची. आमच्या विजय नगरात हे आता घरोघरी आहे. विकास प्राधिकरणाने स्कीम ५४ आणि स्कीम ७४ अशा आकड्यांनी वसवलेल्या या भागात कोचिंग क्लास, मॉल आणि होस्टेलं यांच्यामधून जागा उरली तर घरं आहेत. रामबागेतले आमचे नातेवाईक अजूनही इकडे येताना गावाला निघाल्यासारखे निघतात.

भानगड सुरू झाली महालक्ष्म्यांच्या दिवशी. (पुण्याच्या वाचकांसाठी: तुमच्या गौरी, त्या आमच्या महालक्ष्म्या.) दुपारची वेळ, दिवाणखान्यात सवाष्णी जेवायला बसलेल्या, पुरणपोळीवर तूप वाढणं चालू, आणि भिंतीवरचा टीव्ही आपोआप उजळला. त्यावर एक दांडगा मनुष्य दुसऱ्या दांडग्या मनुष्याला जीपच्या बॉनेटवर आपटत होता आणि आपटता आपटता त्याच्या घरातल्या स्त्रियांचा उल्लेख करत होता. आवाज मोठा होता. मी रिमोट शोधला. तो नेहमीप्रमाणे कोणाच्या तरी खाली होता, आणि त्या दिवशी ज्यांच्या खाली होता त्यांना उठा म्हणणं शक्य नव्हतं. शेवटी मी टीव्हीची पिनच उपटली.

वर खरगोनची मुलगी अंथरुणात पडून मोबाइलवर मालिका बघत होती. पडद्याच्या कोपऱ्यातलं एक चौकोनी चिन्ह चुकून दाबलं गेलं, आणि फोनने निमूटपणे घरातला सगळ्यात मोठा पडदा शोधून काढला. तिला पत्ताही नव्हता. आठवड्याभराने रात्री अडीच वाजता खालचा प्रिंटर घरघरायला लागला आणि त्यातून मृदा परीक्षणावरचा अडतीस पानी प्रकल्प बाहेर पडला. ती सिव्हिलला आहे. सकाळी जिन्यात तिने कान पकडून माफी मागितली, 'सॉरी अंकल, मेरे को लगा कॉलेज का प्रिंटर है.'

मी चिरंजीवांना फोन लावला. त्यांनी निदान केलं ते असं. एका नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना दिसतात. दिसतातच असं नाही, ती हाळी देत असतात. टीव्ही म्हणतो, मी टीव्ही, माझ्यावर चित्र लावा. प्रिंटर म्हणतो, मी प्रिंटर, मला कागद द्या. सराफ्यात रात्री दहानंतर जे चालतं तेच आपल्या दिवाणखान्यात चोवीस तास चालू आहे, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. भाडेकरू आणि पाहुणे यांना त्या बाजारातून बाहेर काढायचं. इंटरनेट त्यांना मिळेल, पण घरातली यंत्रं दिसणार नाहीत. 'बाबा, गेस्ट नेटवर्क काढा. सोपं आहे.'

'सोपं आहे' हे शब्द मी बँकेतल्या पस्तीस वर्षांत जितक्यांदा ऐकले, तितक्यांदा नंतर घरी जायला उशीर झाला होता.

पण कल्पना मला आवडली, कारण ती ओळखीची निघाली. आजोबांच्या घराला ओसरी होती. पोस्टमन ओसरीपर्यंत, हिशेबनीस ओसरीपर्यंत, मुलगी बघायला आलेली मंडळी ओसरीपर्यंत. व्याही माजघरात. मावशी थेट स्वयंपाकघरात, तीही चपला काढता काढता बोलत. देवघरापर्यंत कोण जाणार हे त्याहून वेगळं. कुठेही पाटी नव्हती आणि प्रत्येकाला आपली पायरी ठाऊक होती. तसं म्हटलं तर तो सगळा प्रकार निर्मळ नव्हता. ओसरीवरही न चढू दिलेली माणसं त्या घराने पाहिली आहेत, आणि आजीच्या सोवळ्याची न दिसणारी रेघ कुणाकुणाला लागली असेल ते आता मोजता येणार नाही. म्हणून सोवळ्याची उपमा जिभेवर आली तशी मी गिळली. ओसरी तेवढी ठेवली. तिथे निदान पाणी मिळायचं आणि बसायला झोपाळा होता.

आमच्या विजय नगरच्या घराला ओसरी नाही. नकाशा काढणाऱ्याने दारातून आत पाऊल टाकलं की समोर सोफा, सोफ्यासमोर टीव्ही, डावीकडे उघडं स्वयंपाकघर अशी रचना केली, आणि तिला आधुनिक म्हणून वेगळे पैसे घेतले. जी ओसरी विटांत बांधली नाही ती आता हवेत बांधायची होती.

आधी नाव. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, तेव्हा बत्तीस अक्षरं ऐसपैस बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे मातृभाषेत नाव ठेवायचं तर पदरात फक्त दहा चिन्हं. 'पाहुण्यांसाठी' हा साधा शब्द तेरा चिन्हांचा, एकोणचाळीस बाइट, बाद. सौ. संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी अतिथीला देव मानायला सांगणारं तैत्तिरीय उपनिषदातलं वचन सुचवलं. मी चिन्हं मोजली: अकरा. अकरा त्रिक तेहतीस, मधल्या मोकळ्या जागेचा एक, चौतीस. दोन बाइट जास्त. एक मात्रा गाळली तर बसतं, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते पूर्वी उत्तरपत्रिकांकडे पाहत असणार. 'ओसरी' चार चिन्हांत, बारा बाइटमध्ये बसली.

दिवाणखान्यातल्या रूटरवर गेस्ट नेटवर्क खरंच दहा मिनिटांत निघालं. पासवर्ड घालून मी स्वतःचा फोन ओसरीवर नेला. टीव्ही दिसेना, प्रिंटर दिसेना, इंटरनेट चालू. मग मी विजयी मुद्रेने गच्चीवर गेलो, तिथल्या रूटरवरही तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, आणि खरगोनच्या मुलीला म्हटलं, बघ. तिने पाहिलं. 'अंकल, टीव्ही तो दिख रहा है.'

इथे मला जे कळायला तीन रविवार लागले ते थोडक्यात सांगतो. आपलं कोण आणि परकं कोण हे फक्त दिवाणखान्यातल्या मुख्य रूटरला ठाऊक असतं. पत्ते तोच वाटतो, दारावर तोच बसलेला असतो. वरच्या दोघांची अक्कल आपणच काढून घेतलेली असते. ती घ्यावीच लागते, कारण घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी झाले की एकाच घरातला प्रिंटर दुसऱ्या गावी गेल्यासारखा होतो. अशा रूटरला तंत्रज्ञ मंडळी 'डम्ब एपी' म्हणतात, आणि ते शिवी म्हणून नव्हे तर पद म्हणून. हा बिचारा आलेली प्रत्येक गोष्ट तारेत लोटतो आणि खाली पाठवतो. मी गच्चीवर ओसरीची पाटी लावली होती खरी, पण त्या पाटीखालचं दार थेट माजघरात उघडत होतं.

उपाय दोन. एक म्हणजे एकाच कंपनीचे, एकमेकांशी बोलणारे नवे रूटर घ्यायचे. ते ओसरी आपसांत समजून घेतात. हा उपाय सोपा आणि म्हणून महाग. दुसरा म्हणजे खालची ओसरी एका वेगळ्या तारेने वरपर्यंत न्यायची. पण भिंतीतल्या नळीत तार एकच मावते. इलेक्ट्रिशियन येऊन नळीत डोकावला, 'भिया, इसमें तो अब चींटी भी नहीं जाएगी' म्हणाला आणि पोहे खाऊन गेला.

एकाच तारेतून दोन नेटवर्क न्यायची युक्ती चिरंजीवांनी मग सांगितली. तिला व्हीलॅन म्हणतात. तारेतून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर चार बाइटची एक चिठ्ठी लावायची आणि तिच्यात एक क्रमांक लिहायचा. घरचं असेल तर १०, पाहुण्यांचं असेल तर २०. वरच्या टोकाला चिठ्ठी बघून ज्याचं त्याला द्यायचं. मला लहानपणचा धोबी आठवला. सगळ्या आळीचे कपडे त्याच्या एकाच गाठोड्यात जात, आणि कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईची बारीकशी खूण असे. आमची तीन ठिपके आणि आडवी रेघ. पन्नास घरांचे सदरे एकत्र उकळून निघत, पण दुसऱ्याचा सदरा आपल्या घरी आल्याचं आठवत नाही. एकदा आला होता, तो वडिलांनी ठेवून घेतला.

हे सगळं मी सौ.ना रंगवून सांगत होतो. त्या भाजी निवडत होत्या. 'म्हणजे कचऱ्याची गाडी', त्या म्हणाल्या. 'गाडी एकच, आत खण वेगळे. ओला इकडे, सुका तिकडे.' मला तीन रविवार लागलेली गोष्ट त्यांना मेथीच्या अर्ध्या जुडीत कळली. इंदूरला २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिळायला लागला, त्यामागे घरोघरच्या या खण-शिस्तीचा वाटा मोठा आहे. इथल्या माणसाला दोन गोष्टी एकत्र करू नका हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाहुण्यांना कचऱ्याची उपमा मात्र शोभत नाही, असं मी म्हणालो. 'उपमा पाहुण्यांची नाही, गाडीची आहे', त्या म्हणाल्या. संस्कृतच्या शिक्षिकेशी अलंकारांवर वाद घालू नये.

या चिठ्ठीवर ४०९४ पर्यंत कोणताही क्रमांक लिहिता येतो. म्हणजे एका तारेतून चार हजारांवर वेगळी नेटवर्कं. 'एवढे पाहुणे आपल्याकडे कधी आले होते?' सौ.नी विचारलं. चिरंजीवांच्या मुंजीत तसंच वाटलं होतं.

अशा चिठ्ठ्या वाचणारा स्विच मी जेल रोडवरून आणला. दुकानदाराने, 'ये तो ऑफिसवाले ले जाते हैं, घर में क्या करोगे भिया?' असं विचारलं. ओसरी बांधतोय, असं मी सांगितलं नाही. रूटरांमध्ये कंपनीने घातलेली प्रणाली काढून ओपनडब्ल्यूआरटी नावाची फुकट प्रणाली घालावी लागली. तिचाही एक इतिहास आहे. २००३ मध्ये लिंक्सिस कंपनीला एका रूटरमधली आज्ञावली जगासाठी खुली करावी लागली, कारण तिच्यात मुक्त परवान्याचं लिनक्स वापरलेलं होतं. ते खुलं झालेलं घेऊन हौशी लोकांनी २००४ मध्ये हे काम उभं केलं. आता जुन्या रूटरांना ती प्रणाली घालणं म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणं. तिघंही पास झाले. गच्चीवरचा दुसऱ्या प्रयत्नात.

हे चालू असताना एक विचार सारखा मनात येत होता. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं ही कल्पना या शहराला नवी नाही. महिदपूरची लढाई होळकर हरले, आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. इंदूर राजधानी झालं ते त्यानंतर, आणि त्याच तहाने इंग्रजांचा रेसिडेंटही इथे येऊन बसला. त्याचा रेसिडेन्सी एरिया शहराला लागून होता, पण कारभार इंग्रजांचा. एकाच गावात दोन सत्ता, मधे एक न दिसणारी रेघ. मांडणी अगदी गेस्ट नेटवर्कची. फरक एवढाच की तिथे ॲडमिनचा पासवर्ड पाहुण्याकडे होता.

तर शेवटचा रविवार. मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. 'ओसरी'समोर २० लिहायचं होतं. लिहिलं. मग 'घर'समोर १० आहे ना हे पाहताना, चष्मा कपाळावर असल्यामुळे, तिथेही २० लिहिलं. सेव्ह केलं. ही प्रणाली शहाणी आहे. बदल केल्यावर ती तुमच्याशी बोलता येतंय का हे दीड मिनिट तपासते, आणि नाही जमलं तर सगळं पूर्ववत करते. तिने तसंच केलं आणि नम्रपणे विचारलं, तपासणी न करता बदल लागू करू का? मी म्हटलं, हो. आयुष्यातले बहुतेक घोटाळे मी याच प्रश्नाला हे उत्तर देऊन केले आहेत.

पुढच्या क्षणी सगळं घर ओसरीवर आलं. माझा लॅपटॉप पाहुणा, सौ.चा फोन पाहुणा, टीव्ही पाहुणा. वर या जाळ्यात पाहुण्यांनी एकमेकांकडेही बघायचं नाही असा नियम मीच आधी घातला होता, त्यामुळे मी आणि सौ. एका सोफ्यावर बसून नेटवर्कच्या दृष्टीने अनोळखी झालो. इंटरनेट सुरळीत होतं. फक्त रूटरचं पान उघडेना, कारण पाहुण्यांना कारभार दाखवायचा नाही हाही नियम मीच घातला होता आणि तो उत्तम चालत होता.

'अहो, काय करून राहिलात? माझं भजन बंद झालं टीव्हीवरचं', सौ. म्हणाल्या. आमचं हे 'करून राहिलात' ऐकून पुण्याचे व्याही गालात हसतात. हसू देत.

खरगोनची मुलगी खाली आली, सगळा प्रकार ऐकला आणि रूटर उलटा करून त्याच्या पाठीवरचं बारीक भोक दाखवलं. त्यात टोकदार काहीतरी घालून दहा सेकंद दाबायचं, मग तो सगळं विसरतो. टाचणी सापडेना. तिने कानातलं काढलं आणि त्याची तार भोकात घातली. आम्ही तिघांनी मोठ्याने दहा आकडे मोजले. दिवे विझले, पुन्हा लागले, आणि माझे चार रविवार पुसले गेले. मग तिने माझ्या वहीतले आकडे वाचून दाखवले आणि मी ते लिहीत गेलो. दोन तास लागले. तेवढ्यात सौ.नी पोहे केले. तिने ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून खाल्ले, वर जीरावन स्वतःच्या हाताने घेतलं, फ्रिज उघडून लिंबू काढलं. संध्याकाळी ती वर गेली तेव्हा तिचा फोन नियमाप्रमाणे ओसरीवर होता.

आता तिन्ही मजल्यांवर दोन नावं दिसतात, 'घर' आणि 'ओसरी'. प्रत्येक रूटर आपली नावं सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारतो. चन्याजोरवाल्यालाही हा वेग जमणार नाही. तिघांना १, ६ आणि ११ अशा एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या दिल्या आहेत, म्हणजे ते एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालत नाहीत. एक गोष्ट तेवढी माझ्या हातात नाही. जिना चढताना खालच्या रूटरला सोडून वरच्याला कधी धरायचं हे रूटर ठरवत नाही, फोन ठरवतो. आणि काही फोन जुन्याला सोडतच नाहीत. जवळ नवा रूटर खणखणीत आवाजात बोलावत असतो, पण हे लांबच्या क्षीण आवाजाला धरून बसतात. तंत्रज्ञांना हा दोष वाटतो.

परवा साडू आणि मेव्हणी रामबागेतून आले. जेवणं झाली, नऊला ते उठले. 'येतो हं' झालं. मी वर येऊन सहज लॅपटॉप उघडला. ओसरीवर कोण कोण आहे आणि किती लांब आहे हे त्या पानावर दिसतं. आकडे उणे असतात, शून्यापासून जितका दूर तितका फोन लांब. साडूंचा फोन यादीत होता, उणे ७१. म्हणजे चपला घालणं चालू. दहा मिनिटांनी उणे ७८, तुळशीपाशी. वीस मिनिटांनी उणे ८३. हे फाटक. फाटकाशी आमच्याकडे खरं बोलणं सुरू होतं. आतमध्ये ज्या विषयांना कोणी हात लावलेला नसतो ते तिथे निघतात. मी वाचायला पुस्तक घेतलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर अजून उणे ८३, आता एवढ्यात यादीतून जाईल असं वाटत होतं.

आकडा हलला. उणे ६०. मग एकदम उणे ४२. उणे ४२ म्हणजे सोफा.

खालून सौ.चा आवाज आला, 'अहो, तुम्ही पण घेणार का? चहा ठेवून राहिली आहे.'